नर की मादी? (भाग 6) : बुशीनोजच्या कपाळावरचे कोंब

या सदरात सायनोडॉन्टिस मासा या आठवड्यात येणार होता, तो पुढच्या आठवड्यावर गेला. सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि तो बाजूला ठेवणं मला जमेना. त्यांच्याकडे दोन बुशीनोज प्लेको आहेत. नाकावर काटे असले की नर, असं दुकानदाराने सांगितलं होतं. काटे दोघांनाही आले, म्हणून ते एक मासा बदलून आणायच्या बेतात होते, तोच टाकीतल्या पाईपमध्ये नारिंगी अंड्यांचा घोस दिसला. मग यातली मादी कोणती?

दुकानदाराने सांगितलं ते अर्धंच. तोंडाच्या कडेच्या मिशा नर-मादी दोघांनाही असतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. पाहायचे ते थुथनावरचे मांसल कोंब. मादीला ते बहुधा नसतात. असले तर आखूड, आणि थुथनाच्या अगदी कडेने एकेरी ओळीत. नराचे कोंब लांब, जाड, पुष्कळदा टोकाला फाटे फुटलेले असतात आणि कडेवर न थांबता मधून कपाळाकडे चढत जातात. तेव्हा कोंब आहेत की नाहीत, एवढ्यावर थांबू नका. ते कुठपर्यंत गेलेत ते बघा. मासा तळाशी निवांत बसला की वरून टॉर्च मारा. कपाळ मोकळं दिसलं तर मादी.

एक पथ्य मात्र पाळा. सहा-सात सेंटीमीटरच्या आतल्या पिल्लावर निकाल देऊ नका. त्या वयात नराचं कपाळही मोकळंच असतं आणि दुकानात ‘मादी’ म्हणून घेतलेल्या पिल्लाला पुढे झुपका फुटतो. जोडी हवी असेल तर पाच-सहा पिल्लं एकदम आणावीत.

आता माझ्या आवडीचा भाग. हे कोंब नरालाच एवढे का? भांडणात ते कामाचे नाहीत, मऊ असतात. भांडायला गालावरचे काटे आहेत, तेही नराचे मोठे. अंडी सांभाळणं हे या जातीत पूर्णपणे बापाचं काम. मादी बिळात अंडी घालून निघून जाते. नर तिथेच ठाण मांडून पंखांनी पाणी खेळतं ठेवतो. अंडी फुटल्यावरही पिल्लं पोटाखाली पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन काही दिवस बिळातच चिकटून असतात, आणि बाप राखणीला.

1999 मध्ये सबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या तिघा अभ्यासकांनी एक धाडसी तर्क मांडला : हे कोंब म्हणजे पिल्लांची नक्कल आहे. ज्या नराकडे आधीच अंडी-पिल्लं आहेत, त्याच्याकडेच अंडी घालणं काही जातींच्या माद्या पसंत करतात; स्टिकलबॅक माशांमध्ये हे दिसून आलं आहे. तिथे राखण चालू आहे याची खात्री पटते, शिवाय शत्रू आला तरी नुकसान अनेकींच्या अंड्यांत वाटलं जातं. मग ज्याच्या बिळात अजून काहीच नाही, त्या नराने काय करावं? त्याच्या थुथनावर पिल्लांसारखं काहीतरी वळवळताना दिसलं, तर अंधाऱ्या बिळात मादीला तो लेकुरवाळा वाटेल. यातले पेज आधी अमेरिकेतल्या ओढ्यांमधल्या डार्टर माशांवर काम करत होते. त्यातल्या काही जातींच्या नरांच्या पंखांवर अंड्यांसारख्या गाठी असतात, आणि त्याही अशाच नकलेच्या मानल्या जातात.

हा तर्कच आहे, पण मला तो मनापासून पटतो. लांब कोंब पाहून आपण ‘काय मर्दानी दिसतो’ म्हणतो. मादी मात्र त्यात पोरं सांभाळणारा बाप शोधत असावी.

सांगलीकरांना एवढंच सांगणं : पाईपमध्ये अंड्यांवर जो बसलाय तो तुमचा नर. पाईप हलवू नका, बाहेर काढून बघू तर मुळीच नका. घाबरला तर तो अंडी बाहेर ढकलून देतो. पिल्लं बाहेर पडू लागली की उकडलेल्या दुधीची चकती रात्री टाका आणि उरलेली सकाळी काढून घ्या, नाहीतर पाणी नासेल.