परिचारिकांचे समाधान कसे मोजतात?

‘नोकरीत समाधानी आहात काय?’ असा सरळ प्रश्न परिचारिकेला केला, तर ‘ठीक आहे’ या उत्तरापलीकडे बहुधा काही हाती लागत नाही. कारण रुग्णसेवेची आत्मीयता आणि तुटपुंज्या मुशाहिऱ्याविषयीची नाराजी एकाच मनात नांदू शकतात. हे ओळखूनच अमेरिकेतील पॉला स्टॅम्प्स यांनी सिद्ध केलेल्या मोजमापात समाधानाचे सहा घटक मानले आहेत : वेतन, स्वायत्तता, नेमून दिलेली कामे, संस्थेची धोरणे, सहकाऱ्यांशी संबंध आणि व्यवसायाची प्रतिष्ठा. या सहांच्या 15 जोड्या परिचारिकेपुढे ठेवून प्रत्येक जोडीतील अधिक महत्त्वाचा घटक तिलाच निवडावयास सांगतात; त्यानंतर 44 विधानांवरील तिचे मत सात पायऱ्यांच्या श्रेणीवर नोंदवून घेतात, आणि ज्या गोष्टीला परिचारिकांनी जितके मोल दिले, तितका भार तिच्या गुणांना देतात. मापनकर्त्याने आपली आवडनिवड तिच्यावर लादू नये, ही यामागील दृष्टी मला अत्यंत न्याय्य वाटते.

परिचारिकांच्या असमाधानामागील कारणांची झळ रुग्णालाही लागते काय? संशोधक लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांची जी पाहणी 2002 साली प्रसिद्ध केली, तिच्यात परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत गेला, तसतशी तिच्या असमाधानाची संभाव्यता 15 टक्क्यांनी, आणि शस्त्रक्रियेचा रुग्ण दाखल झाल्यापासून 30 दिवसांच्या आत दगावण्याची 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणून प्रश्नावली भरून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिच्याबरोबरच प्रत्येक पाळीचा हजेरीपट आणि भरलेल्या खाटांची संख्याही अवश्य ताडून पाहावी.