मुखवट्याची आंतली बाजू

मराठींत वेष घेणें आणि सोंग आणणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वेष अंगावर चढतो. सोंग वठवावें लागतें, आणि तें वठलें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे नसून पाहणाऱ्यांकडे असतो. सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही म्हण ज्या समाजांत रूढ झाली त्या समाजांत सोंग आणणें ही नित्याची व अंगमेहनतीची बाब असली पाहिजे. ठाणें जिल्ह्याच्या डोंगरी भागांत, म्हणजे शहापूर व मुरबाड या तालुक्यांत आणि त्यांच्या उत्तरेस जव्हार-मोखाड्याकडे, ती तशी आहेही. तेथील बोहाडा हा उत्सव म्हणजे एका गांवानें रात्र जागवून काढलेली सोंगांची मिरवणूक होय. जव्हार आणि मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यांत गेले. पण जिल्ह्याची सीमा उत्सवाला ठाऊक नसते. सह्याद्रि ओलांडून नाशिक जिल्ह्यांतही तो होतो, आणि सुरगाण्याच्या बाजूस त्याला भवाडा म्हणतात.

होळी सरली, शेतांतलीं कामें हातावेगळीं झालीं आणि पावसाला अद्याप अवकाश असला, कीं चैत्र-वैशाखांत गांवोगांवचे बोहाडे सुरू होतात. प्रत्येक गांवची तिथि निराळी. कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी अशा अनेक जमातींचा त्यांत हात असतो. रात्र पडली म्हणजे संबळ व पिपाणी वाजूं लागते, टेंभे पेटतात, आणि गांवाच्या मधल्या वाटेनें एकेक सोंग नाचत पुढें येतें. पहिला मान गणपतीचा. मग सरस्वती, मारुति, नरसिंह, वेताळ, त्राटिका, दहा तोंडांचा रावण. आणि अखेरीस पहांटेच्या सुमारास देवी व म्हैसासुर यांचें युद्ध. स्त्रियांचीं सोंगेंही पुरुषच घेतात. कोणतें सोंग कोणीं नाचवायचें हें पुष्कळ ठिकाणीं घराण्यानें ठरलेलें असतें. कांहीं गांवीं त्यासाठीं बोली लागते व तो पैसा उत्सवाच्या कामीं येतो. पैशाचें सोंग आणतां येत नसलें, तरी सोंगाचा पैसा असा येतो!

शहरांतील घरांना हा प्रकार वाटतो तितका परका नाहीं. मुंबईंत कॉमिक कॉन नांवाचे मेळावे भरतात. तेथें तरुण मंडळी चित्रपटांतील व चित्रकथांतील पात्रांचे वेष स्वतः तयार करून येतात. त्यांतलें सर्वांत कष्टाचें काम चिलखताचें. फोमशीट कापून, ती गरम हवेनें वांकवून, जोड चिकटवून आणि वर रंगाचे थर देऊन हीं मुलें घरांतल्या गॅलरींत लोखंडाचा भास उभा करतात. कोणी थ्री-डी प्रिंटरचाही आधार घेतात. या छंदाचा आदर्श म्हणून १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटांतील पांढऱ्या चिलखताच्या शिपायांकडे, म्हणजे स्टॉर्मट्रूपरांकडे, बोट दाखविण्यांत येतें. अमेरिकेंत १९९७ सालीं स्थापन झालेली ‘५०१ वी लीजन’ ही हौशी मंडळींची संस्था अशाच वेषधाऱ्यांची आहे. प्रत्येक पात्राचा वेष कसा असावा याचे बारीक नियम तिनें लिहून ठेविले आहेत, आणि उमेदवाराचें चिलखत त्या नियमांशीं ताडून पाहिल्यावरच त्याला सभासद करून घेतलें जातें. ही मंडळी तो वेष घालून रुग्णालयांतील मुलांना भेटावयास जातात, धर्मादाय कार्यक्रमांना उभीं राहतात, व त्याबद्दल स्वतःसाठीं मोल घेत नाहींत. त्यांची निष्ठा इतकी कडक कीं मूळ शिरस्त्राणाची उजवी व डावी बाजू एकमेकींशीं जुळत नाहीं, तर चोख नक्कल करणारा तें वांकडेपणही जसेंच्या तसें उतरवितो.

मूळ वस्तु मात्र घालण्याच्या दृष्टीनें फारशी सोयीची नव्हती. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून मऊ करावयाचा, साच्यावर पसरावयाचा आणि खालून हवा ओढून घेऊन तो साच्याला चिकटवावयाचा, अशा रीतीनें तीं चिलखतें झालीं. पडद्यावर तीं भक्कम दिसतात. हातीं घेतल्यास ट्रंकेच्या झांकणासारखीं पोकळ. तीं घातल्यावर धड बसतां येत नसे, आणि शिरस्त्राणांतून दिसे इतकें थोडें कीं एका प्रसंगांत एक शिपाई दारांतून आंत शिरतांना चौकटीवर डोकें आपटतो. तो तुकडा चित्रपटांत तसाच राहिला असून जगभर त्याचें कौतुक झालें आहे. कॅमेऱ्यापुढें एवढ्यावर भागतें. दृश्य कांहीं मिनिटांचें असतें, बाजू निवडलेली असते, आणि तें संपतांच शिरस्त्राण काढून खुर्चीवर ठेवतां येतें.

बोहाड्याच्या सोंगाला ही सवलत नाहीं. वाट खांचखळग्यांची, दोहों बाजूंस माणसांची दाटी, हातभर अंतरावर पेटता टेंभा, आणि ताल संबळाचा. म्हणून बोहाड्याचा मुखवटा कसा साधला आहे हें पाहावयाचें असेल तर तो प्रथम उलटा करून पाहावा. खरी कारागिरी आंतल्या बाजूस असते.

हे मुखवटे दोन तऱ्हांनीं होतात. लाकूड कोरून, किंवा कागदाचे थर साच्यावर बसवून. लाकडांत पांगारा, सावर यांसारखीं हलकीं व मऊ लाकडें अशा कामास सोयीचीं, कारण त्यांवर पटाशी सहज चालते आणि वजन आटोक्यांत राहतें. नाक, डोळे, भुंवया यांचें कोरीव काम सर्वांच्या नजरेस पडतें. परंतु मागून लाकूड पोखरून काढणें हें अधिक नाजूक होय. तेथें बोटभर जाडी अधिक राहिली तर तिचा भार रात्रीं कोणाच्या तरी मानेवर पडणार. आणि जाडी फाजील कमी झाली तर वाळतांना रेषेरेषेनें तडा जाणार. कागदी मुखवट्यांसाठीं जव्हार तालुक्यांतील रामखिंड हें गांव प्रसिद्ध आहे. या कामाची साधारण रीत अशी, कीं प्रथम मातीचा चेहरा करून वाळवावयाचा. कागद सुटून यावा म्हणून त्यावर राख भुरभुरावयाची. मग खळींत भिजविलेले कागदाचे तुकडे एकावर एक बसवीत जावयाचें. प्रत्येक थर वाळल्यावांचून दुसरा देतां येत नाहीं; घाई केली कीं आंत ओल कोंडते व मुखवट्याला बुरशी येते. बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यांत चडीदा गांवचे कारागीर छौ नृत्याचे मुखवटे जवळजवळ याच मार्गानें करतात. दोन प्रदेशांनीं एकमेकांस विचारून हें ठरविलेलें नाहीं. हलका, पोकळ आणि टणक चेहरा हवा असेल तर माती, राख व कागद यांच्याशीं येऊन थांबावें लागतें, इतकेंच.

वजनापेक्षांही कठीण प्रश्न तोलाचा आहे. गणपतीची सोंड पुढें आलेली. ती वजनानें थोडी असली तरी मानेच्या मणक्यापासून दूर असल्यामुळें मस्तक सारखें पुढें ओढते. तागडीच्या दांडीवर वजन टोंकाकडे सरकविलें म्हणजे पारडें जसें खालीं जातें, तसाच हा न्याय. तेव्हां मुखवट्याची दोरी डोक्यामागें ओढून बांधावी लागते, आणि मधें फेट्याचे वेढे देऊन भार कपाळावरून सबंध डोक्यावर पसरवावा लागतो. फेटा येथें शोभेचा नसून तो सोंगाचा सांगाडाच आहे. रावणाचें सोंग त्याहून अवघड. एका माणसाच्या मानेला दहा तोंडें पेलणें शक्य नसल्यानें बांबूच्या कामट्यांची चौकट करून जादा तोंडांचा व हातांचा भार खांद्यांवर व कमरेवर उतरवितात. मग तो भार कावडीसारखा होतो. दोहों बाजूंस समान असला तर कावडीवाला कोसभर जातो, आणि एक बाजू जड झाली तर दहा पावलांत वांकतो. असा रावण गर्रकन् वळूं शकत नाहीं. तो सावकाश वळतो, आणि पाहणाऱ्यास ती सावकाशी रावणाच्या रुबाबाची वाटते. सोंगाची चाल पुष्कळदां त्याच्या बांधणीनेंच शिकविलेली असते.

पाहण्याची आणि श्वासाची सोय हा दुसरा भाग. मुखवट्याचे डोळे मोठे रंगविले असले तरी माणसाचे डोळे नेमके त्यांच्यामागें येतातच असें नाहीं. मुखवटा चेहऱ्याहून मोठा असल्यानें नाचणारा कधीं नाकपुडीच्या भोंकांतून, कधीं ओठांच्या फटींतून पाहतो. त्याला दिसतो तो समोरच्या जमिनीचा एक तुकडा. वैशाखाच्या उकाड्यांत आंत घाम सांचतो, आणि कागदी मुखवट्याला घामासारखा शत्रु नाहीं; म्हणून आंत कापडाची घडी हवी. बरोबर जाणकार माणूस असला म्हणजे वाट चुकत नाहीं. प्रत्येक सोंगाची फेरी आटोपशीर असते हेंही उगीच नव्हे. माणूस जेवढें पेलूं शकेल तेवढीच देवाची वेळ, असा तो व्यवहार आहे.

आतां उजेडाविषयीं. टेंभ्याचा उजेड वरून सपाट पडत नाहीं. तो खालून किंवा बाजूनें येतो, लवलवतो आणि नाचणाऱ्याबरोबर पुढें-मागें सरकतो. त्यामुळें भुंवयांची सांवली कपाळावर चढते, गालाची खोबण गडद होते, आणि मुखवट्यानें मान किंचित् कलविली कीं त्याचा भाव पालटल्यासारखा दिसतो. मुखवट्याचीं उंच नाकें, खोल डोळे, ठळक रंग हे दिवसा भडक वाटतात. कित्येक शहरी पाहुणे संग्रहालयाच्या कांचेमागें ते पाहून कामांत सफाई नसल्याचें सांगतात. तो निर्णय घाईचा आहे. सिनेमाच्या शिरस्त्राणाचा बरेवाईटपणा जसा पडद्यावर ठरतो, तसा या चेहऱ्यांचा टेंभ्यापुढें. हॅलोजनचा एकसारखा पांढरा झोत त्यांवर सोडला कीं सगळ्या सांवल्या पुसल्या जातात आणि उग्र नरसिंह एखाद्या रंगविलेल्या पाटीसारखा दिसूं लागतो. विजेनें गांवांना जें सुख दिलें तें निःसंशय मोठें आहे. पण उत्सवाच्या वाटेवर हॅलोजन लावतांना निदान मुखवट्याशीं विचारविनिमय व्हावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

मग हुबेहूब कशास म्हणावें? लीजनकडे चित्रपटाच्या एकेका चौकटीचा पुरावा असतो. शहापूर-मुरबाडच्या गांवापुढें असा पुरावा नाहीं. तेथें असते ती गेल्या वर्षींची आठवण, आणि त्याआधींच्या वर्षांची. जुना मुखवटा मोडकळीस येऊन नवा केला, तर म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढें जुना उभाच असतो. डोळे लहान झाले, रंग चुकला, तर कोणास नियम वाचावा लागत नाहीं. परंतु नुसता चेहरा जुळून त्यांचें समाधान होत नाहीं. देवीचें सोंग देवीसारखें चाललें पाहिजे, म्हैसासुरानें तालावर अंग टाकलें पाहिजे. हा भाग कोरून ठेवतां येत नाहीं. ज्याच्या घराकडे सोंगाचा मान असतो त्याचा मुलगा आधीं टेंभा धरतो, दोरी बांधावयास मदत करतो, आणि मग कधीं तरी मुखवट्याखालीं जातो. तोच मुलगा आज मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर असेल, किंवा आसनगांवाहून लोकल गाडी धरून कल्याण-ठाण्यास कामाला जात असेल. बोहाड्याच्या रात्रीं तो घरीं पोंचला नाहीं, तर मुखवटा खुंटीवर आहे आणि सोंग नाहीं, अशी अवस्था होते.

या ठिकाणीं विलायतेंतील एका खटल्याची आठवण उपयोगी पडेल. स्टॉर्मट्रूपरांचीं शिरस्त्राणें ज्या इंग्रज कारागिरानें तयार करून दिलीं, त्यानेंच पुढें त्यांच्या प्रती विकावयास काढल्या. तेव्हां चित्रपट कंपनीनें त्याच्यावर फिर्याद केली. शिरस्त्राण हें शिल्प कीं नाहीं, असा प्रश्न न्यायालयापुढें आला. शिल्प ठरल्यास त्याचे हक्क दीर्घकाळ राहणार होते. युनायटेड किंगडमच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं निकाल दिला कीं तें शिल्प नव्हे. चित्रपट ही कलाकृति असेल, पण शिरस्त्राण हें ती घडविण्याच्या कामांतलें एक उपयोगाचें साधन होय. निकाल तिकडच्या कायद्यापुरता खरा. परंतु बोहाड्याच्या मुखवट्याबाबत नेमका उलट प्रवास चालू आहे. तो आतां हस्तकलेच्या प्रदर्शनांतून शहरी दिवाणखान्याच्या भिंतीवर पोंचला आहे. कारागिरास त्यांतून चार पैसे मिळतात, त्याबद्दल आनंदच मानावा. मात्र भिंतीसाठीं केलेल्या मुखवट्याला दोरीचीं भोंकें लागत नाहींत, ओठांची फट उघडी ठेवावी लागत नाहीं, मागून पोखरण्याची फिकीर नको, आणि तोल तर खिळा संभाळतो. कारागिराचा हात त्या सोयीला सरावला म्हणजे नाचावयाचा मुखवटा मागण्यास आलेल्या माणसाला तो जड आणि आंधळा मुखवटा देईल, ही भीति अगदींच निराधार नव्हे. विकत घेणाऱ्यानें एवढें करावें: मुखवटा उलटावा, आपल्या चेहऱ्यावर धरावा, आणि त्यांतून समोरची जमीन दिसते कीं नाहीं हें पाहावें.

पहांटे देवीचें युद्ध संपलें कीं टेंभे विझतात. दोऱ्या सुटतात, फेटे उकलतात, आंतल्या कापडाच्या ओल्या घड्या उन्हांत टाकल्या जातात. पुढें चार महिने या मुलखांत पाऊस कोसळावयाचा असतो. लाकडाला भुंगा आणि कागदाला कसर लागण्याचे ते दिवस. त्या काळांत मुखवट्याला हवी कोरडी व उंच जागा, आणि चुलीचा धूर जेथवर पोंचतो तो माळा त्या कामास सर्वांत बरा.