मांजर कोणाचे?

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने मांजरावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वस्तुतः हा संबंध जुना आहे. बाळ जन्मल्यावर ज्या षष्ठीदेवीला आपण बाळाची रक्षणकर्ती मानतो, तिचे वाहन मांजरच. मांजर मारल्यास सोन्याचे मांजर करून दान द्यावे लागते, अशी समजूतही आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अर्थात मांजराला कोणी मारीत नाही. मात्र त्याला आपले असेही कोणी म्हणत नाही. ओरखडा घेऊन येणाऱ्या मुलाच्या पालकांना मी नेहमी विचारतो, "मांजर कोणाचे?" आणि बहुधा "असेच येते हो," एवढेच उत्तर मिळते.

येथे वडोदऱ्यात, दांडिया बाजाराकडील एका जुन्या वाड्यातून सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. काखेत लिंबाएवढी गाठ, अधूनमधून किंचित ताप. आपल्या देशात मुलाच्या अंगावर गाठ दिसली की वैद्याच्या मनात प्रथम क्षय येतो. मीही त्याच तपासण्या लिहावयास घेतल्या. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टर, ही दिवसभर जिन्याखालच्या पिल्लांत असते. हाताला बघा काय झालंय." मनगटावर बुजत आलेला ओरखडा होता आणि त्याच्या कडेला एक बारीकसा फोड. बार्टोनेला हेन्सेली हा जिवाणू मांजराच्या पिसवांमुळे पसरतो व नखांवाटे मुलांच्या त्वचेत शिरतो. पिल्लांकडून हा धोका अधिक. ओरखड्यानंतर एक ते तीन आठवड्यांत जवळची लसिकाग्रंथी सुजते आणि बहुतेक मुलांत काही आठवड्यांत वा महिन्यांत ती आपोआप ओसरते. क्षयाच्या तपासण्या निर्दोष आल्या, रक्ततपासणीने मांजराकडे बोट दाखविले आणि क्षयाच्या औषधांचे कित्येक महिने टळले. याचे श्रेय आजींचे. मी तो प्रश्न आधी विचारलाच नव्हता. मान वा काखेतील गाठेच्या प्रत्येक बालरुग्णाच्या कागदावर तो आता मी पहिल्या ओळीत लिहितो. व्यवसायबंधूंनीही लिहावा, ही विनंती.

गाठ निदान ओसरते. रेबीजच्या बाबतीत तशी सवलत नाही. कुत्रा चावला की सारे घर धावते; मांजराच्या ओरखड्यावर मात्र हळद चेपून मूल शाळेत पाठविले जाते. मांजराकडूनही रेबीज होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. ओरखडा रक्त न येणारा असला तरी लस हवी. रक्त आले असेल वा दात खोल रुतले असतील तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही हवे. पोटातील चौदा इंजेक्शनांच्या भीतीने मुले अजूनही ओरखडे लपवितात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता चार-पाच खेपांत दंडावर काम भागते. लस त्याच दिवशी सुरू करावयाची असते. परंतु मांजर डोळ्यांसमोर दहा दिवस धडधाकट राहिले, तर उरलेल्या मात्रांविषयी पुनर्विचार करता येतो. "असेच येणारे" मांजर दहा दिवस कोण पाहणार?

ही संख्या आपणच वाढवितो. मांजरी चार-सहा महिन्यांची होताच वयात येते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपण तिला बशीभर दूध व पोळी घालतो (मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, हे जाता जाता) आणि पिल्ले झाली की तीच पोत्यात घालून दूरच्या वसाहतीत सोडून येतो. हा निर्दयपणा आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. अन्न जिथे मिळते तिथली जागा रिकामी राहत नाही. दुसरे मांजर येते. टिकणारा उपाय एकच. जे मांजर आपण खाऊ घालतो त्याची नसबंदी करावी, तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस व पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा पुनर्मात्रा द्यावी, आणि त्याला त्याच जागी राहू द्यावे. भटक्या मांजराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे तेच पुन्हा पकडले जात नाही.

घरात सून गरोदर आहे, मांजर काढून टाकू का, असेही पुष्कळ विचारतात. टोक्सोप्लाझ्माचे बीज मांजराच्या विष्ठेतून पडते खरे, पण ते संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. मातीचे भांडे रोज दुसऱ्या कोणी साफ करावे, भाज्या धुवाव्यात, मांस पुरते शिजवावे. मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही. आणखी एक. मुलाच्या तापाचे पॅरासिटामोल आजारी मांजराला किती थेंब द्यावे, असे मला दोनदा विचारण्यात आले आहे. एक थेंबही नको. मांजराच्या यकृताला ते निष्प्रभ करता येत नाही. ते त्याला विषच आहे.

त्या मुलीच्या वाड्यातील बिऱ्हाडांनी पुढे वर्गणी काढली. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावयाची, यावर दोन बैठका झाल्या. अखेर आजींनीच पशुवैद्याकडून पिंजरा मागवून जिन्याखाली लावला. दोन मांजरी व एक बोका यांच्या शस्त्रक्रिया आणि लसीकरण झाले. तारखा आजींनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या आहेत, शेजारी "आपली" असे लिहून. तिसरी, करड्या रंगाची मांजरी मोठी चतुर आहे. ती पिंजऱ्यातील सुकी मासळी बाहेरूनच पंजाने ओढून नेते, आणि तिची पिल्ले अद्याप लहान आहेत.