आयकॉन बदलायला सॉफ्टवेअर लागत नाही

“आयकॉन बदलायचेत, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?” हा प्रश्न ऐकला की हल्ली काळजीच वाटते, कारण विचारेपर्यंत बहुतेकांनी काहीतरी डाउनलोड करून ठेवलेलं असतं. ‘हजारो आयकॉन मोफत’ असं लिहिलेली ती फाइल प्रत्यक्षात ईएक्सई निघते. उघडताना विंडोज परवानगी मागतं, हौसेच्या भरात ‘यस’ दाबलं जातं, आणि मग ब्राउझरचं होमपेज बदललं, जाहिराती उसळायला लागल्या, अशा तक्रारी सुरू होतात. आयकॉन म्हणजे एक चित्र. चित्राच्या फाइलला इन्स्टॉल व्हायची गरज नसते. जी फाइल आयकॉनच्या नावाखाली इन्स्टॉल होऊ पाहते, ती चित्राखेरीज आणखी काहीतरी सोबत आणते आहे, एवढं तरी लक्षात घ्या.

विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींत आयकॉन बदलायची सोय मुळातच आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, शॉर्टकट या टॅबमधलं ‘चेंज आयकॉन’ दाबा. निवडायला चित्रंही विंडोजनेच देऊन ठेवली आहेत. सिस्टीम३२ या फोल्डरमधल्या शेल३२.डीएलएल आणि इमेजरेस.डीएलएल या दोन फाइलींत शेकडो आयकॉन आहेत. तिथेच मोरआयकॉन्स.डीएलएल नावाची एक फाइल सापडेल. ती विंडोज ३.१ च्या काळातली, तेव्हाच्या डॉस प्रोग्रामांचे आयकॉन पोटात घेऊन अजून तशीच आहे. ‘ब्राउझ’ दाबून यातली कुठलीही फाइल उघडली की चित्रांची रांग समोर येते.

हे करताना आत नेमकं काय होतं ते समजून घेतलं, तर भीती आपोआप जाते. शॉर्टकट ही एक छोटी स्वतंत्र फाइल असते. तिच्यात दोन वेगवेगळ्या नोंदी असतात: प्रोग्राम कुठे आहे ही एक, आणि चित्र कुठल्या फाइलीतलं, कितव्या क्रमांकाचं घ्यायचं ही दुसरी. तुम्ही बदलता ती फक्त दुसरी. मूळ प्रोग्रामला हातही लागत नाही. दारावरची पाटी बदलली म्हणून घरातली माणसं बदलत नाहीत, इतकं ते साधं आहे. म्हणूनच डेस्कटॉपवर आयकॉन बदलूनही टास्कबारवर जुनाच दिसतो. टास्कबारवर पिन केलेला शॉर्टकट ही वेगळी प्रत असते, तिची नोंद वेगळी बदलावी लागते.

स्वतःचं चित्र लावायचं असेल तर ते आयसीओ या प्रकारात हवं. पीएनजी फाइलचं नुसतं नाव बदलून शेवटी ‘आयसीओ’ लिहिलं म्हणजे झालं, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. नाव बदलल्याने फाइलची आतली रचना बदलत नाही. आयसीओ फाइलमध्ये एकाच चित्राच्या अनेक आकारांतल्या प्रती एकत्र ठेवता येतात. मायक्रोसॉफ्टची डिझायनरांसाठीची मार्गदर्शिका किमान पाच आकार सांगते: १६, २४, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेल. यादीत दिसताना विंडोज छोटी प्रत उचलतं, मोठ्या आयकॉनसाठी मोठी. तुमच्या फाइलमध्ये एकच लहान प्रत असेल तर ती ताणली जाते आणि आयकॉन फुटल्यासारखा दिसतो. त्यात मॉनिटरचा काही दोष नाही. गिम्पसारख्या मोफत प्रोग्राममधून वेगवेगळ्या आकारांचे थर ठेवून आयसीओ थेट एक्सपोर्ट करता येते.

आणि ती फाइल कृपा करून डाउनलोड्समध्ये ठेवू नका. शॉर्टकटमध्ये चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. महिन्याभराने डाउनलोड्स साफ केलं की पत्ता खोटा ठरतो, आयकॉन कोरा दिसतो, आणि घरात ‘व्हायरस आला’ म्हणून कल्लोळ होतो. पिक्चर्समध्ये ‘आयकॉन’ नावाचं फोल्डर करा आणि ते हलवू नका.

हा केवळ शोभेचा उद्योग आहे असं मानणाऱ्यांना एखाद्या सीएच्या ऑफिसातला कॉम्प्युटर दाखवायला हवा. डेस्कटॉपवर सारखीच दिसणारी तीस-चाळीस पिवळी फोल्डरं, आणि मार्चअखेरीला २०२३-२४ ऐवजी २०२४-२५ उघडून त्यात झालेली नोंद. प्रत्येक वर्षाला वेगळ्या रंगाचा आयकॉन दिला की ही चूक पुष्कळ कमी होते. नजर अधू झालेल्या माणसाला गडद पार्श्वभूमीवरचं एक ठळक ‘ब’ बँकेसाठी आणि ‘प’ पत्रांसाठी लावून दिलं, तर त्याला मुलाला हाक मारावी लागत नाही. फोल्डरसाठी प्रॉपर्टीजमध्ये ‘कस्टमाइझ’ हा टॅब आहे. तिथून आयकॉन बदलला की विंडोज त्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप.आयएनआय नावाची लपवलेली फाइल तयार करतं. तिला व्हायरस समजून पुसणारे आणि त्यासाठी गिऱ्हाइकाकडून पैसे घेणारे दुकानदार दोन्ही आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो. त्या फाइलीत कुठला आयकॉन लावायचा याची साधी नोंद असते. नोटपॅडमध्ये उघडून कुणीही वाचावी.

मॅकवर तर काम आणखी सोपं. चित्र कॉपी करा, अ‍ॅप निवडून कमांड-आय दाबा, उघडलेल्या खिडकीत वर डावीकडच्या छोट्या आयकॉनवर क्लिक करून पेस्ट करा. तोच आयकॉन निवडून कट केला की मूळ चित्र परत येतं. अ‍ॅपलची स्वतःची, सिस्टीमसोबत आलेली अ‍ॅप्स मात्र दाद देणार नाहीत. २०१९ च्या कॅटालिनापासून सिस्टीमचा भाग केवळ वाचण्यापुरता खुला आहे. लिनक्सवर प्रत्येक अ‍ॅपची एक डेस्कटॉप फाइल असते, तिच्यातली ‘आयकॉन’ने सुरू होणारी ओळ बदलायची.

‘आयकॉन बदलला की प्रोग्राम बिघडतो’ या समजुतीत एक कण खरा आहे. शॉर्टकटऐवजी मूळ ईएक्सई फाइलच्या आत शिरून चित्र बदलणारी साधनं असतात. त्याने फाइलच बदलते आणि कंपनीने केलेली डिजिटल सही अवैध ठरते. ते करू नका, गरजही नाही.

याहून घातक समजूत उलट दिशेची आहे: आयकॉन पीडीएफचा दिसतो, म्हणजे फाइल पीडीएफ आहे. ईएक्सई फाइलला कुठलंही चित्र लावता येतं आणि विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन आपणहून लपवतं. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ तुम्हाला ‘बिल.पीडीएफ’ दिसतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत, शोमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसण्याची खूण आजच करा. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या वर्मने तर शॉर्टकटचा आयकॉन दाखवण्याच्या प्रक्रियेतलीच चूक वापरली होती. पेनड्राइव्ह उघडून नुसता आयकॉन दिसला की घुसखोरी व्हायची, क्लिकही करावं लागत नसे. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० रोजी एमएस१०-०४६ या क्रमांकाने दुरुस्ती दिली, आणि ती अपुरी ठरल्यामुळे मार्च २०१५ मध्ये पुन्हा दिली. विंडोज अपडेट बंद करून ठेवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

बाकीचे समज थोडक्यात. नवे आयकॉन लावल्याने कॉम्प्युटर मंदावत नाही. विंडोज ती छोटी चित्रं साठवून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा तीच दाखवतं. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट पुसला म्हणजे प्रोग्राम निघाला असं नाही. तो सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करावा लागतो. थीम बदलल्यावर रिसायकल बिनचा आयकॉन पूर्ववत झाला तर काही बिघडलेलं नाही. ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’मध्ये थीमला आयकॉन बदलू देणारी खूण आहे, ती काढा.

शॉर्टकटच्या कोपऱ्यातला बाण नकोसा वाटतो म्हणून तो घालवणारी साधनं टाकू नका. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरच्या चित्राचे शॉर्टकट पेरणारे वर्म आपल्याकडे अनेकांनी पाहिले आहेत. खरी फोल्डरं ते लपवून ठेवतात, आणि फसवं फोल्डर ओळखायची पहिली खूण तो बाणच असतो. असा बाण दिसला तर डबल क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा, मग व्ह्यू मेनूतून लपवलेल्या फाइली दिसू द्या.