पायाबाहेर सळ्या कशासाठी? रॉड, रिंग की ‘जेस’. फिक्सेटर असा ठरतो

कोल्हापूर : महामार्गावर दुचाकी घसरली, ऊस हंगामात ट्रॉलीची धडक बसली किंवा एमआयडीसीत पाय यंत्रात सापडला, की हाड मोडून कातडी फाटते. मग पायाबाहेर सळ्यांचा सांगाडा दिसतो. ‘आत रॉड का टाकला नाही? हा स्वस्तातला इलाज तर नाही?’ असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. फिक्सेटरची निवड किमतीवर नव्हे, जखमेवर ठरते.

बाहेरून आधार का?
जखम मोठी आणि माती गेलेली असेल, तर तिथे लगेच प्लेट बसवल्यास हाडात संसर्गाचा धोका वाढतो. फिक्सेटरच्या पिना जखमेपासून दूर, चांगल्या हाडात बसवतात. हाड स्थिर राहते आणि ड्रेसिंगही करता येते.

कोणता, कधी?
- रॉड-पिन : झटपट बसतो. गंभीर रुग्णांसाठी उपयोगी, पण बहुधा तात्पुरता. जखम सुधारली की आत रॉड किंवा प्लेट.
- रिंग : गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात सायबेरियात विकसित केला. हाडाचा तुकडा गेला असेल किंवा हाड जुळत नसेल तेव्हा वापरतात. दिवसाला साधारण १ मिमी या गतीने हाड वाढवता येते. तो अनेक महिने ठेवावा लागतो.
- जेस : मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली हलकी रचना. बोटे, मनगट आणि मुलांच्या जन्मजात वाकड्या पावलांसाठी.

जाड पिन म्हणजे चांगली?
४ मिमीऐवजी ५ मिमीची पिन वाकण्याला सुमारे अडीचपट जास्त विरोध करते. मात्र छिद्र हाडाच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठे झाले, तर हाडच कमकुवत होते.

डॉक्टरांना हे विचारा
- फिक्सेटर तात्पुरता की हाड जुळेपर्यंत?
- पुढची शस्त्रक्रिया कधी?
- पायावर भार कधी द्यायचा?
- पिनांची स्वच्छता कशी ठेवायची?

पिनेभोवती पू, वाढती लाली, ताप किंवा पिन सैल वाटल्यास लगेच रुग्णालय गाठा. सांगितल्याशिवाय नट घरी फिरवू नका.

खर्चाचे काय?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत. आपला उपचार त्यात बसतो का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा.