बोली आणि मोल

“बाबा, उमेशला कोणीच घेत नाही हो!” २०२२चा आयपीएल लिलाव पाहताना आमचे धाकटे चिरंजीव रडकुंडीला आले. वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव म्हणजे आम्हां नागपूरकरांच्या घरचाच!

मी म्हटले, “कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा भाव नुसत्या गोडीवर ठरतो का? त्या सकाळी गिऱ्हाइके किती, यावरही ठरतो.”

आदल्या हंगामात उमेशला एकही सामना मिळाला नव्हता. अखेर कोलकात्याने त्याला मूळ किमतीत, २ कोटींत घेतले. त्याने १६ बळी टिपले!

२०२४च्या लिलावात विदर्भाच्याच जितेश शर्माला बंगळूरने ११ कोटी मोजले. उमेशला मात्र गिऱ्हाईक नव्हते. चिरंजीव या खेपेस रडले नाहीत. म्हणाले, “बाबा, आज बाजारच थंड होता.”