हुकाखालची जोखीम

भोसरी असो, शिरोली असो की वाळूज, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मान वर केली की क्रेनच्या गर्डरवर ठळक रंगवलेला आकडा दिसतो : १० टन. त्या आकड्यावर सगळ्यांचा भरवसा असतो आणि तो चुकीचाही नाही. गर्डर, ड्रम, वायर रोप, ब्रेक हे सगळं तेवढ्या वजनाच्या हिशेबानं बनवलेलं असतं. पण हुकाच्या खाली जे अडकवतात, पट्टा, साखळी, शॅकल, प्लेट क्लॅम्प, त्याचा हिशेब प्रत्येक जॉबला नव्यानं करावा लागतो. हे काम अनेकदा शेडमधल्या सर्वांत नवख्या हेल्परवर सोडलेलं असतं. मला खरी काळजी याचीच वाटते.

वजन अंदाजानं ठरवायची गरजच नसते. पोलादी प्लेट दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो भरते. ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद, २० मिलिमीटर जाड प्लेट म्हणजे १,४१३ किलो. ‘टनभर असेल’ म्हणून जांभळा पट्टा उचलला, तर तो १ टनाचाच असतो. इथं निदान २ टनांचा हिरवा हवा.

वजन कळलं तरी कोन उरतोच. २ टनांचा जॉब टू-लेग स्लिंगनं उचलताना दोन्ही लेग उभे असतील, तर प्रत्येकावर १ टन येतो. लेग फाकून आडव्या रेषेशी ४५ अंशांवर आले की तोच ताण १.४ टन होतो. ३० अंशांवर प्रत्येक लेगवर पूर्ण २ टन! लांब बीमला आखूड स्लिंग ताणून लावतात तेव्हा हेच घडतं. आणि क्रेनला मात्र दोनच टन जाणवतात, म्हणून ओव्हरलोडचा गजर वाजत नाही. कोन ६० अंशांच्या खाली जात असेल, तर लांब स्लिंग शोधावी.

सर्वांत अवघड काम जॉब पलटवण्याचं. एका बाजूचं वेल्डिंग संपलं की बॉक्स कडेवर उभा करून पलीकडे लोळवायचा असतो. वजनाचा मध्य त्या कडेच्या पलीकडे गेला, की जॉब आपणहून कोसळू लागतो. रोप क्षणभर ढिला पडतो आणि लगेच झटक्यानं ताणला जातो. ढील अजिबात नसली तरी एकदम रोपवर आलेलं वजन क्षणभर दुप्पट जोर लावतं. हातभर ढील असेल, तर तो जोर कितीतरी वाढतो. त्याच झटक्यात प्लेटची धारदार कड पट्टा सुरीसारखी कापते. म्हणून कोपऱ्यांना पॅड हवेत, जॉब सरकू नये म्हणून कडेला आधार हवा आणि शक्य तिथं दोन हॉइस्ट हवेत : एकानं उचलायचं, दुसऱ्यानं धरून ठेवत सोडायचं. आणि पडत्या बाजूला माणूस उभा असता कामा नये, मग वेल्डरला कितीही घाई असो.

बाजूला पडलेली प्लेट क्रेननं तिरकी ओढायची सवयही वाईट. रोप ड्रमच्या खाचेतून निसटतो आणि प्लेट सुटताच झोका घेते. ६ मीटर रोपवर टांगलेल्या जॉबचा एक झोका सुमारे ५ सेकंदांचा असतो, वजन कितीही असो. तो हातानं अडवायला जाणारी माणसंच प्लेट आणि खांब यांच्यामध्ये चिरडतात. त्यासाठी जॉबला दोरी बांधून लांबून आवरायचं असतं.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या २९ व्या कलमानं निदान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली होती. त्यात क्रेनबरोबर साखळ्या, स्लिंग, हूक, शॅकलही येत. क्रेनच्या रुळाजवळ कोणी काम करत असेल, तर क्रेन त्याच्यापासून ६ मीटरच्या आत येऊ नये, हेही त्याच कलमात होतं. छपराचे पत्रे बदलणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांना हे कोणी सांगत नाही, म्हणून वरच्या कामाआधी क्रेनचा मेन स्विच बंद करून कुलूप घालणं ही मालकाचीच जबाबदारी.

जॉब आधी वीतभरच उचलून थांबवावा. तो तिरपा होतोय का, पट्टा सरकतोय का, ब्रेक धरतोय का, हे तेवढ्यात दिसतं. चढवण्या-उतरवण्याची खूण एकानंच करावी. पण थांबण्याची खूण कोणाचीही असली, अगदी त्या नवख्या हेल्परची, तरी पेंडंटवरचं बोट लगेच सुटलं पाहिजे. त्यानं खूण केल्यावर सुपरवायझर त्याला काय बोलतो, यावर तो पुढच्या वेळी हात वर करेल की नाही, हे ठरतं.